एकादशीला गाडी, द्वादशीला समुद्र: वऱ्हाडातून जाऊन शिडाच्या होडीने जंजिरा कसा पाहायचा

आमचं गाव धामणगाव रेल्वेपासून आत, वर्धा नदीच्या खोऱ्यात. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी समुद्र फक्त टीव्हीत पाहिलेला. आमच्या बचत गटाने दोनदा मुरुड-जंजिऱ्याची सहल काढली. पहिली फसली, दुसरी अशी झाली की अजून ओट्यावर तिच्याच गोष्टी निघतात. दोन्ही वेळी गाडी तीच, माणसं बहुतेक तीच, पैसेही जवळपास तेवढेच. फरक पडला तो फक्त तिथीने. म्हणून हे सगळं तिथीपासूनच सांगते.

पहिल्या वेळी आम्ही पौर्णिमा निवडली. दिवस चांगला, म्हणून. दुपारी बाराला अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. कुलाबा किल्ला समोर होता आणि त्याच्या चारही बाजूंनी पाणी. ओहोटीला तिथे चालत जाता येतं एवढं आम्ही ऐकून होतो. आता सुटेल, मग सुटेल, म्हणत १९ बाया वाळूत बसून राहिल्या. पाणी उतरेपर्यंत मुरुडची एसटी गेली आणि किल्लाही राहिला. तिथे मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशीने आम्हाला विचारलं, "बाय, तिथी बघून नाय आलात?" आणि तिने बोटांवर मोजून जो हिशोब शिकवला, तो मी घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

हिशोब असा. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण भरते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही पंधराव्या धरायच्या. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पाणी पूर्ण उतरतं, ती ओहोटी. दिवसाच्या चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पौर्णिमा-अमावास्येला जरा जास्तच, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाईलवर मुंबईच्या भरती-ओहोटीची वेळ एकदा ताडून पाहावी. पण दोन महिने आधी तारीख ठरवायला हा बोटांवरचा हिशोब पुरतो. आपल्याकडे संकष्टी कधी, एकादशी कधी, हे घरातल्या म्हातारीला तोंडपाठ असतं. म्हणजे समुद्राचं वेळापत्रक आपल्या घरात आधीपासून आहे.

आणखी दोन शब्द कानाआड करू नका: उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती फार चढते आणि ओहोटीही फार खोल जाते, ते उधाण. मुंबईच्या बाजूला अशा दिवसांत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला चढउतार कमी असतो, तो भांग. भांगाला समुद्र शांत वाटतो खरा, पण कुलाब्याच्या वाटेवरचं पाणी तेव्हा पुरतं सुटेलच असं नाही.

या सगळ्याचा मेळ आम्ही असा घातला: एकादशीच्या संध्याकाळी धामणगावहून गाडीत बसायचं. माळकरी बायांचा उपास गाडीत सुटत नाही, पण द्वादशीला सकाळी मुंबईत उतरल्यावर तो सोडता येतो. द्वादशीला भरती नऊची, म्हणजे ओहोटी सव्वातीनच्या सुमाराला. दुपारी दीड-दोनपर्यंत अलिबागला पोहोचलो की कुलाबा पायी करता येतो. दुसऱ्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाची. सकाळी नऊ ते अकरा या वेळात मुरुडजवळच्या राजपुरीहून होडी धरली की जंजिऱ्याच्या दाराशी पाणी भरपूर असतं. ही दोन दिवसांची जोडी धरून बसा, बाकीचं आपोआप जुळतं.

आता महिना. पावसाळ्यात जूनपासून ऑगस्टअखेर होड्या बंदच असतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात इतकी गर्दी की जेट्टीवर तास-तास उभं राहावं लागतं. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला नवीन नाही, पण किनाऱ्यावरचा घाम वेगळा, म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. आम्हाला जमला तो पौष. लग्नं नसतात, सोयाबीन कधीचं घरात आलेलं असतं, तूर सोंगून झालेली असते किंवा होत आलेली असते. कपाशीचा एखादा वेचा मागे राहतो, तो राहू द्यावा. गव्हा-हरभऱ्याचं पाणी मात्र राहत नाही. विजेची लाइन रात्रीची असली तर घरातला एक माणूस मागे ठेवावाच लागतो, तो कोण हे आधी भांडून ठरवून घ्या. आमच्याकडे दोघी ऐन वेळी याच कारणाने गळाल्या आणि त्यांची तिकिटं रद्द करायला लागली.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कॅलेंडर उघडून पौषातल्या एकादशीवर खूण करा, तिथून ६० दिवस मागे या आणि त्या दिवशी सकाळी आठला तिकीट काढा. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघते, संध्याकाळी वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा करत जाते आणि सकाळी मुंबईत पोहोचते. म्हाताऱ्यांना खालचे बर्थ मागा. या रुळांवरून जाताना मला माझ्या आजोबांची आठवण येते. १८६७ मध्ये रूळ नागपूरपर्यंत आले ते मुख्यतः आपल्या भागातला कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायला. आमच्या वावरातल्या कापसाच्या गाठी समुद्रापर्यंत गेल्या, पण तो पिकवणारी माणसं कधी गेली नाहीत. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या.

सामानात काय घ्यायचं ते थोडक्यात. दशम्या, तिळाची चटणी, ठेचा दोन दिवस टिकतात. तिथे मासळी हेच जेवण, पण माळकरी असाल तर घाबरू नका, खाणावळीत आदल्या दिवशी सांगितलं की वरण-भात-भाजी आणि सोलकढी मिळते, मोदकही करून देतात. प्लास्टिकच्या जाड पिशव्या घ्या, मोबाईल, पैसे आणि औषधं ठेवायला. पायात पट्ट्याची, खाचा असलेली चप्पल हवी; गुळगुळीत स्लीपर आणि उंच टाचा घरी ठेवा. आधार कार्ड मूळ घ्या. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट आणि बायांनाही अर्धं, पण वयाची सवलत घ्यायची तर कंडक्टर आधार पाहतो. आमच्या २१ जणांत याने किती वाचले ते बचत गटाच्या वहीत लिहिलेलं आहे, ते पाहून पुढच्या वर्षी येणाऱ्या बायांची संख्या वाढली.

मुंबईत सीएसएमटीला उतरा, स्टेशनवर तोंड-हात धुऊन, चहा घेऊन टॅक्सीने गेटवे ऑफ इंडियाला जा. तिथून मांडव्याची लाँच मिळते, साधारण तासाभरात पलीकडे. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तिकीट काढताना विचारून घ्या. मुंबईच्या गर्दीतून रस्त्याने चार तास जाण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं. शिवाय मोठ्या लाँचमध्ये समुद्राची पहिली ओळख होते. कुणाला बोट लागते, कुणाला लागत नाही, हे इथेच कळतं. ज्याला गाडी लागते त्याला बोट लागण्याची शक्यता धरूनच चला. रिकाम्या पोटी बसू नका आणि पोट भरूनही बसू नका. एक दशमी, तोंडात आल्याचा तुकडा, नजर पाण्यावर न ठेवता दूरच्या डोंगरावर ठेवायची. मोबाईलमध्ये पाहणं बंद.

अलिबागला सामान एखाद्या लॉजच्या खोलीत टाकून सरळ किनाऱ्यावर जा. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढीच वेळ तुमची. कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात, १६८० च्या सुमाराला उभा राहिला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झाला. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत जिरतं आणि बाहेर येतं, तटाला धक्का कमी बसतो, हे तिथे हात लावून पाहिल्यावर पटतं. आत गणेश पंचायतनाचं मंदिर आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. घोडागाडी मिळते, पण चालता येत असेल तर चाला. ओल्या वाळूत पाय रुततो, काळ्या मातीत चिखल तुडवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पाणी परत फिरतंय असं किनाऱ्यावरच्या कुणी म्हटलं की वाद न घालता निघायचं. मग संध्याकाळच्या एसटीने रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरुडला, साधारण ५० किलोमीटर, आणि मुक्काम मुरुडला.

काशीदचा किनारा फार सुंदर आहे, पण आपली वर्धा-वैनगंगेत पोहणारी पोरं तिथे उतरू देऊ नका. नदीचं पाणी एका दिशेने ओढतं, त्याची आपल्याला सवय असते. समुद्र ओहोटीला आत खेचतो आणि पायाखालची वाळूही नेतो. गुडघ्याएवढं पाणी, तेही भरती चढत असताना, याच्या पुढे नाही.

आता होडी. आमच्या भागात नावेची भीती उगाच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुडजवळ झुंजला वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. त्या बातमीनंतर आमच्या गावातल्या कितीतरी घरांनी नावेत बसायचं नाव टाकलं. म्हणून राजपुरीला गेल्यावर पहिलं काम: लाइफ जॅकेट मागा, अंगात घाला, बंद ओढून बांधा, आणि होडीत माणसं जास्त वाटली तर पुढच्या फेरीला थांबा. संकोच करू नका. आमच्या गटातल्या एकीने "मी न्हाई बसत, दुसऱ्या खेपंले यीन" म्हणून सांगितलं, तर कुणी काही बोललं नाही, उलट तिच्यासोबत आणखी तिघी थांबल्या.

राजपुरी हे मुरुडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवरचं गाव, रिक्षा मिळते. जेट्टीवरच्या खिडकीवर तिकीट काढायचं. मुरुडच्या बाजूने आणि खाडीपलीकडच्या दिघीहूनही होड्या जातात, पण शिडाच्या होडीची मजा राजपुरीहूनच. वारा आणि शीड कसं चालतं ते आधी समजून घेतलं की भीती निम्मी होते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे आपण घोकले होते. रात्रभरात जमीन थंड होते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवस चढला, जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून येतो, तो खारा. किल्ला राजपुरीच्या पश्चिमेला पाण्यात आहे. म्हणजे सकाळी जाताना वारा पाठीमागून, आणि किल्ला पाहून परत निघेपर्यंत खारा वारा सुटलेला असेल तर येतानाही पाठीमागूनच. दुपारी निघालात की समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध जायचं असतं. शिडाची होडी तशी सरळ जात नाही, तिला कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरकं घ्यावं लागतं, वेळ जास्त लागतो आणि पाणी अंगावर उडतं. खळ्यात तिवईवर उभं राहून ज्याने उफणणी केली आहे, त्याला वाऱ्याची ही गणितं सांगावी लागत नाहीत. सूप किती तिरपं धरलं की भूस कुठे जाईल, तेच तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, शिडाच्या दोरीने करतो.

होडीत बसल्यावर एक खलाशी लांब बांबूने तळ रेटून होडी खोल पाण्यात काढतो. मग दोघं-तिघं मिळून दोर ओढतात आणि शीड डोलकाठीवर चढतं. आधी ते सैल फडफडतं, जुन्या लुगड्यासारखं. मग वारा भरतो आणि आवाज एकदम बंद होतो. त्या क्षणी होडी एका अंगाला कलते. हाच क्षण सांभाळायचा. आमच्याकडच्या बाया इथेच घाबरून उठतात आणि सगळ्या एका बाजूला जातात. उठायचं नाही. होडी कलणारच, ती तशीच चालते. खाली, फळीवर किंवा तळाशी बसून राहा, बाजूच्या लाकडाला हात धरा, पाय दोरांच्या वेटोळ्यात ठेवू नका. तांडेलाने "डोकी खाली" म्हटलं की लगेच वाका, शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला येत असतं. सासूबाई माझ्या शेजारी पदर दातात धरून बसल्या होत्या. शीड भरल्यावर त्यांनी हळूच हात पाण्यात घातला, ओली बोटं जिभेला लावली आणि म्हणाल्या, "खरंच खारं हाय वो माय. मले वाटे, लोक उगाच म्हन्तेत."

पंधरा-वीस मिनिटांत तट अंगावर येतो. सुमारे ४० फूट उंच, थेट पाण्यातून वर आलेला, आणि दार कुठेच दिसत नाही. दोन बुरुजांच्या मध्ये ते असं बसवलं आहे की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय नजरेला पडत नाही. समोरून येणाऱ्या शत्रूने तोफ कुठे रोखायची, हाच प्रश्न पडावा म्हणून.

उतरणं हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात अवघड भाग. पायऱ्या ओल्या, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि होडी सतत वर-खाली होत असते. भरतीला गेलो तेव्हा शेवाळाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि पाय कोरड्या दगडावर पडला, म्हणून मी त्रयोदशीच्या सकाळचा एवढा आग्रह धरते. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी गळ्यात किंवा मागे. साडी गुडघ्यापर्यंत खोचा. खलाशाची बोटं धरू नका, त्याचं मनगट तुम्ही धरा आणि तुमचं त्याने धरू द्या. पकड सुटत नाही. होडी लाटेबरोबर खाली जात असताना पाय टाकायचा नाही. ती वर येते, पायरीच्या पातळीला क्षणभर थांबल्यासारखी होते, तेव्हा टाकायचा. सासूबाई ७६ वर्षांच्या. खलाशी त्यांना म्हणाला, "आजी, घाई नाय. लाट येऊ द्या. ही नको. ही पण नको. आता!" आणि त्या पायरीवर उभ्या होत्या. म्हाताऱ्यांना आधी उतरवा, लहान मुलं नंतर, आणि उतरल्यावर पायरीवर थांबून फोटो काढू नका, मागच्यांना जागा द्या.

आत साधारण पाऊण तास मिळतो. होडीवाल्यांतलाच एखादा जण माहिती सांगतो. पाऊण तासात २२ एकरांचा किल्ला पुरा होत नाही. आमच्या गावात २२ एकर म्हणजे बऱ्या कास्तकाराचं वावर, तेवढं समुद्रात उचलून ठेवलेलं आहे असं समजा. म्हणून काय पाहायचं ते आधीच ठरवून जा.

दारावरचं शिल्प आधी पाहा. एका वाघासारख्या प्राण्याने हत्ती पंजांत दाबून धरलेत. आपल्या चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर गेला असाल तर तिथल्या दरवाजावरचे, हत्तींना पंजाखाली धरलेले प्राणी आठवतील. नातं दूरचं नाही. इथे आधी कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. मेढी रोवून केलेला तो लाकडी कोट. आपल्याकडे मांडवाच्या मेढी म्हणतो तोच शब्द. पुढे निजामशाहीच्या सरदाराने तो ताब्यात घेतला; व्यापाऱ्याच्या वेशात दारूची पिंपं घेऊन आल्याची आख्यायिका तिथे सांगतात. १५६७ नंतरच्या चार-पाच वर्षांत दगडी तट उठला. आणि त्याच निजामशाहीने १५७४ मध्ये आपली अचलपूरची इमादशाही जिंकून वऱ्हाड घेतलं. समुद्रातला हा किल्ला आणि आपलं वऱ्हाड एकाच काळात एकाच सत्तेच्या हाताखाली आलेलं.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी. आधी निजामशाहीच्या चाकरीत, मग स्वतःच्या बळावर त्यांनी हा किल्ला जवळजवळ तीन शतकं राखला. शिवाजी महाराजांनी अनेकदा प्रयत्न केले, मुरुडसमोर पद्मदुर्ग बांधला, तोही मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात दगड टाकून वाटच बांधायला घेतली होती. होडीतून मागे वळून पाहा आणि तेवढं पाणी भरून काढायचा विचार करा. जंजिरा पडला नाही. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

तोफांकडे जाल तेव्हा कलालबांगडीजवळ गर्दी असते, २२ टनांची तोफ म्हणून सगळे तिलाच हात लावतात. मी म्हणेन, तिथे पाच मिनिटं आणि गोड्या पाण्याच्या तळ्यावर दहा मिनिटं द्या. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दगडी काठांचं, उतरायला पायऱ्या असलेलं गोडं तळं. ज्या मुलखात जानेवारीतच विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या बाया त्या काठावर गप्प बसल्या. आमच्या गटातल्या एकीच्या शेतातली विहीर दोनदा खोदूनही कोरडी राहिली होती. ती पायरीवर बसून विचारत होती, हे पाणी कुठून येतं, किती खोल आहे, आटतं का. माहिती सांगणाऱ्याने राजवाड्याकडे चला म्हटलं, तरी ती उठली नाही. नंतर पश्चिमेकडच्या दर्या दरवाजातून बाहेर उघडा समुद्र पाहा आणि होडीची हाक आली की लगेच निघा. उशीर केलात तर तुमच्या होडीतले बाकीचे उन्हात ताटकळतात.

परत आल्यावर त्याच दिवशी गाडी धरायची धडपड करू नका. दुपारी जेवून आडवे व्हा, मग राजपुरीजवळचे खोकरीचे घुमट पाहा, सिद्दींच्या कबरी तिथे आहेत, शांत जागा आहे. मुरुडच्या टेकाडावरचा नवाबाचा वाडा खासगी आहे, तो बाहेरूनच.

चतुर्दशीला सकाळी एसटीने पनवेलला आणि तिथून लोकलने ठाण्याला या. संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस ठाण्यालाही थांबते, पुन्हा मुंबईच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. तिकीट काढताना चढायचं स्टेशन ठाणे टाका. सकाळी धामणगाव येतं. सुकी मासळी घेतली असेल तर ती डब्यात, वर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीला दोन गाठी.